धोटे सरांचा पाट

धोटे सर नव्या माणसाचे नाव विचारत नसत, बोट मागत. समोरच्याचे मनगट धरून ते त्याचा हात टेबलावरच्या पाटाकडे नेत आणि म्हणत, "ठेव इथं. दाबू नको. नुसतं ठेव." पाटातून एक सूर निघे. सर मान तिरपी करून तो ऐकत, आणि त्या माणसाविषयी त्यांना जे कळायचे ते तेवढ्यात कळून चुके. पुढे तो माणूस कितीही वेगळा वागला तरी त्यांचे मत बदलत नसे.

तो खरोखरच जेवायला बसण्याचा सागवानी पाट होता. त्यावर सरांनी तांब्याचा पातळ थर असलेली एक तक्ती बसवली होती आणि रसायनाने नको तेवढे तांबे खाऊन टाकून तिच्यावर चोवीस चौकोन काढले होते. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध केसाएवढी फट होती. त्या फटीवर बोट टेकले की कातडीतल्या ओलाव्यातून क्षीणसा प्रवाह पलीकडे जाई आणि एका जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून सूर उमटे. बोट जरा दाबले, किंवा त्याला घाम आला, की सूर वर सरके. चार बोटे ठेवली की चार सूर निघत आणि चारही आपापल्या वाटेने सरकू शकत. आता ऑर्केस्ट्रात जपानी कीबोर्ड दिसतात. मी सांगतो आहे तो काळ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा, जेव्हा विजेवर वाजणारे वाद्य आमच्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते.

"पेटी म्हणजे काय? जिना," सर वर्गात सांगत. "माणूस एकेक पायरी उतरते. मले घसरगुंडी पाहिजे."

नागपुरातल्या एका खासगी तंत्रशाळेत रेडिओ विभागाचे ते प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखालचा निदेशक. उंच, वाकलेले, रसायनाने कायमची पिवळी पडलेली नखे, आणि खिशात नेहमी स्क्रू पिळायचे दोन पेचकस. सकाळी आल्याबरोबर ते पाटाची तक्ती स्पिरिटने पुसत. संत्र्यांच्या दिवसांत विभागात संत्रे आणायला बंदी असे, कारण सालीचे तेल बोटांवरून तांब्यावर जाते. एकदा प्राचार्यांनी आपल्या मळ्यातली संत्री सगळ्यांना वाटली, तेव्हा सरांनी त्यांच्या देखत आपला वाटा खिडकीबाहेर ठेवला आणि म्हणाले, "हात धुऊन आले असाल तरच आत या जी."

मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत सगळ्यांची बोटे वाळत आणि पाट मुका होई. मग सर तो उचलून कूलरसमोर नेत आणि ओल्या वाळ्याच्या वाऱ्यात तास तास बसून राहत. पावसाळ्यात याच्या उलट. कोणी हात न लावताच चौकोन आपसात पुटपुटत. आम्हाला हसू येई. सर मात्र आजारी माणसाच्या उशाशी बसावे तसे त्याच्याजवळ बसत.

हजेरीपटावर विद्यार्थ्याच्या नावापुढे त्याच्या बोटाचा सूर लिहिलेला असे, आणि हाक त्याच नावाने पडे. "ए कोमल रिषभ, उभा राय." पोरांना आधी याची गंमत वाटे. पण एका वर्षी काटोलकडचा एक मुलगा आला, त्याच्या हातांना कसलासा त्वचारोग होता आणि तळवे सालपटासारखे सुकलेले होते. त्याने बोट ठेवले. काहीच वाजले नाही. सरांनी दुसरे बोट ठेवायला लावले, मग तिसरे. दहाही बोटे झाल्यावर त्यांनी हजेरीपटावर लिहिले, "मुका". वर्षभर त्याला त्या नावाने हाक पडली. दिवाळीनंतर तो परत आला नाही. मी सरांशी त्याविषयी बोललो तेव्हा ते म्हणाले, "मी काय केलं गा? जे वाजलं नाही ते लिहिलं."

शहरातले एक वयोवृद्ध हार्मोनियम शिक्षक पाटाची कीर्ती ऐकून भेटीला आले होते. चहा सांगितला होता. सरांनी त्यांचे बोट ठेवले, खरखरीत बारीक आवाज निघाला. सर म्हणाले, "चाळीस वर्षं पट्ट्या दाबून राहिले तुम्ही. बोटात काही उरलंच नाही." चहा येण्याआधी गुरुजी निघून गेले. सरांनी दोन्ही कप प्यायले.

अशा माणसाजवळ मी अकरा वर्षे काम केले आणि त्यांच्याइतके विद्युत्‌शास्त्र मला कोणी शिकवले नाही, हेही खरे आहे. त्यांच्या क्रौर्यात लपवाछपवी नव्हती. ती माझ्याकडे होती.

विभागात आणखी एक माणूस होता सुदाम गणवीर, प्रयोगशाळेचा परिचर. तात्पुरत्या नेमणुकीवर तीन वर्षे झाली होती आणि त्या हिवाळ्यात त्याला कायम करण्याचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर होता. सरांची शिफारस तेवढी जोडायची होती. घरात आईवडील, बायको आणि दोन मुली, मिळवता तो एकटा. त्याच्या वडिलांनी छपन्न साली दीक्षा घेतली होती. आमच्या स्टाफरूममध्ये त्याचा कप खिडकीत वेगळा असे. तसे कोणी कधी ठरवले नव्हते; तो तिथे असे, एवढेच. मीही तो रोज पाहत असे आणि माझा कप टेबलावरून उचलत असे.

गणवीरच्या तळहातांना बारा महिने घाम येई. खिशात फडके ठेवून तो सारखा हात पुसायचा. हा दोष सरांच्या दृष्टीने मोठा गुण ठरला. वाळलेल्या बोटांवर सूर लावणे अवघड. गणवीरचे बोट टेकले की स्वच्छ, भरलेला सूर निघे. त्यामुळे नवा चौकोन जोडला की हाक यायची, "गणवीर, हात आन गा." तो बोट ठेवून उभा राही आणि सर खाली वाकून स्क्रू पिळत सूर मिळवत. तीन वर्षांत चोवीसही चौकोन असे त्याच्या बोटांवर लागले. त्याचा हात आमच्या यंत्राला हवा होता, आमच्या कपाला नको होता. ही विसंगती तेव्हा मला दिसली नाही, असे मी म्हणणार नाही. दिसली होती.

एका दुपारी सर बाहेर गेले असताना गणवीर पाटावर काही वाजवत होता. चार बोटांवर, अगदी हळू. त्याची आई मुलींना झोपवताना म्हणते ती चाल, असे त्याने मला सांगितले. एक बोट स्थिर, बाकीची तीन सरकत सरकत खाली येत होती, आणि शेवटी चारही एका सुरात मिळत. सर इतकी वर्षे जी घसरगुंडी शोधत होते ती तिथे होती. सर दारात कधी येऊन उभे राहिले ते आम्हाला कळले नाही. त्यांनी चाल संपेपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "तुले तपासाले ठेवलं आहे, वाजवाले नाही. पुसून ठेव."

गणवीर "हो जी" म्हणाला आणि त्याने तक्ती पुसली. स्नेहसंमेलन महिन्यावर आले होते. तिथे सर स्वतः पाट वाजवणार होते, प्रथमच लोकांसमोर.

आता माझ्याविषयी लिहिणे भाग आहे.

त्या दिवसांत माझे वडील मेयो रुग्णालयात शेवटच्या आजारात पडले होते आणि माझे कामात लक्ष नव्हते. एक जोडणी माझ्याकडून चुकली. सरांनी मला शेवटच्या वर्षाच्या वर्गासमोर बोलावले, मनगट धरले आणि बोट पाटावर टेकवले. "आता विचारतो. जोडणी तपासली होती का?" मी हो म्हणालो. सूर चढला. "खरं सांगा." आणखी चढला. "ऐका गा पोट्टेहो," ते वर्गाकडे वळून म्हणाले, "तुमचे मास्तर कसे भिऊन राहिले." चाळीस पोरे हसली. सरांनी माझे मनगट सोडले नाही. हसणे थांबेपर्यंत माझी भीती त्या स्पीकरमधून वाजत राहिली.

दोन दिवसांनी मी सरांच्या कपाटातून एक डबी उचलली. खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी. आत परदेशातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवलेल्या चार आयसी, नखाएवढ्या चिप, होत्या; काम संपले की सर त्या पाटातून काढून डबीत ठेवत. त्यांच्यावाचून पाटाचे वरचे आठ चौकोन वाजणार नव्हते. मला त्या कशालाच नको होत्या. सरांना दोन दिवस घाम फुटावा आणि मग डबी एखाद्या खणात सापडावी, एवढाच विचार होता. निदान मी स्वतःला तसे सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सरांनी विभागातल्या पाचही जणांना निरोप धाडला: साडेदहाला पाटाशी या, प्रत्येकाचे बोट ऐकायचे आहे. खालचे चौकोन चालू होतेच. मी स्टाफरूममध्ये गेलो. तिथे कॅरमचा बोर्ड असे आणि कोपऱ्यात बोरिक पावडरची पुडी. मी दहाही बोटे तीत घोळली, झटकली, आणि वर गेलो.

सर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते. "डबी कुठं आहे?" भांडारातला कारकून, वायरमन, दुसरा एक निदेशक, तिघांचे सूर थोडे हलले. मी बोट ठेवले. बारीक, सपाट आवाज, जागचा हलला नाही. सर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सरका."

गणवीरने फडक्याने हात पुसून बोट ठेवले. तो सूर नेहमीच सगळ्यांहून वर असे. आज तो वर गेला आणि तिथून आणखी वर, कापत. त्याने बोट काढले, पुसले, पुन्हा ठेवले. पुन्हा तेच.

"सर, मी नाही घेतली जी," तो म्हणाला. "तुम्हाले तं माहीत आहे, माह्या हाताले नेहमीच घाम येते."

"एवढा नाही येत."

"भेव लागून राहिलं जी. मले कायम करायचा कागद आहे वर. म्हणून भेव लागून राहिलं."

"चोरी केली नाही तं भेव काहून लागते?"

भांडारातला कारकून हसून म्हणाला, "आता अजून किती वाजाव लागते गा? अख्ख्या माळ्यानं ऐकलं."

गणवीरने माझ्याकडे पाहिले. "सर, तुम्ही सांगा ना. रोजच वाजते की नाही असा माहा हात?"

तो रोजच तसा वाजत होता. माझ्याइतके ते कोणाला ठाऊक नव्हते. सुरांची वही मी लिहीत असे. मी म्हणालो, "मी काय सांगणार? वाद्य सरांचं आहे."

दुपारपर्यंत सरांचा अहवाल तयार झाला. तो माझ्याच अक्षरात होता, खाली सही सरांची. "चोरीचा दृढ संशय" हे शब्द त्यांनी दोनदा वाचून घेतले. संध्याकाळी गणवीरचे नाव पटावरून कमी झाले. जाताना त्याने खिडकीतला आपला कप घेतला. डबी अजून माझ्या घरी होती. ती टेबलावर ठेवून सगळे परत फिरवता आले असते. मी सायकलने फुटाळा तलावावर गेलो आणि ती पाण्यात टाकली.

संमेलनात पाट वाजला नाही, असे म्हणणे बरोबर होणार नाही; तो चुकीचा वाजला. सरांनी खालच्या सोळा चौकोनांपुरती चीज बसवली होती. पण ते सूर गणवीरच्या ओल्या बोटांवर लागलेले, आणि हिवाळ्यात सरांचे हात लाकडासारखे कोरडे. ओला स्पंज जवळ ठेवूनही एकही चौकोन जागेवर येईना. मागून कोणी म्हशीसारखे हंबरले आणि मांडव हसू लागला. सरांनी शेवटपर्यंत वाजवले. मग बटण बंद करून माइकवर एवढेच म्हणाले, "वाद्य बरोबर आहे. हात गेला."

त्यानंतर त्यांनी पाट पुन्हा टेबलावर मांडला नाही. निवृत्त होऊन ते सावनेरला पुतण्याकडे राहायला गेले.

बारा-तेरा वर्षांनी गणवीर मला भेटायला आला. केस पांढरे झाले होते. जरीपटका वस्तीत मेहुण्याच्या लाउडस्पीकरच्या दुकानात तो कर्णे बांधायला जायचा. सरकारी नोकरीचा त्याचा एकही अर्ज त्या अहवालापुढे टिकला नव्हता. आता एका नव्या कारखान्यात त्याला घ्यायला तयार होते. वयाची अट सोडली होती, पण जुन्या संस्थेतला ठपका चुकीचा होता असे लेखी हवे होते, आणि पंधरा दिवसांत.

"तुमची सही नाही चालत म्हणतात. अहवाल सरांचा होता, तं सरांचीच पाहिजे," तो म्हणाला. "मी गेलो तं सर दारातूनच वापस पाठवतील. तुमचं ऐकतात ते. तुम्ही त्या दिवशीबी माह्याविरुद्ध काही बोलले नव्हते."

हे तो मनापासून बोलत होता. त्याला चहा दिला. त्याने कप विसळून ठेवला.

त्याच आठवड्यात मी सावनेरला गेलो. सर वरच्या खोलीत खुर्चीत बसले होते, अंगावर शाल. मी काय सांगायला आलो ते तीन वाक्यांत सांगितले: डबी मी घेतली, पावडर लावून बोट ठेवले, गणवीर निर्दोष आहे. आयुष्यात इतके अवघड काही बोललो नव्हतो आणि बोलून झाल्यावर मला, लाज वाटते सांगायला, हलके वाटले.

"मालूम आहे," सर म्हणाले.

मला वाटले त्यांना नीट ऐकू आले नसावे.

"चौकोनावर पांढरं बोट उमटलं होतं तुमचं. दुपारी मीच पुसलं. आणि गणवीरचा हात मले माहीत नव्हता का? चोवीस सूर लावले त्याच्यावर."

"मग तुम्ही त्याला का काढलंत?"

"संमेलन समोर होतं. तुमच्यासारखी जोडणी करणारा दुसरा माणूस मले मिळाला नसता. परिचर मिळत होते. आणि त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. तुमचं नाव घेतलं असतं तं चार लोकांनी विचारलं असतं, पुरावा काय. त्याच्या वेळी कोणीच विचारलं नाही. मी वाट पाहिली. तुम्हीबी नाही विचारलं."

खाली पुतण्याच्या घरात कोणी भांडी घासत होते. सरांनी टेबलावरचे कागद माझ्याकडे सरकवले. "लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

त्यांनी मजकूर सांगितला; एक शब्द अडखळला नाही. सुदाम गणवीर यांच्यावर मी ठेवलेला संशय निराधार होता, हे मला त्याच दिवशी ठाऊक होते, तरी मी अहवाल दिला. त्यांनी स्वतःला काहीही सूट दिली नाही. मग म्हणाले, "सदर डबी, पुढं नाव टाका, यांनी घेतली होती."

"नाव आवश्यक आहे का, सर?"

"नाव नसलं तं कारखानेवाले म्हणतील, बुढ्याले मरताना दया आली."

प्राचार्यपदासाठी माझी मुलाखत पुढच्या महिन्यात होती. मी लिहिले, "सदर डबी अन्य एका कर्मचाऱ्याने घेतली होती," आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. सरांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"हे खोटं आहे. खोट्या कागदावर मी सही करत नाही."

"एकदा केली होती तुम्ही," मी म्हणालो.

"हो. म्हणून."

ते माझ्यावर ओरडले नाहीत, टोमणाही मारला नाही. अकरा वर्षांत प्रथमच मला त्यांच्याकडून टोमण्याची अपेक्षा होती आणि तो मिळाला नाही. मी कागद घडी करून खिशात घातला, नमस्कार केला आणि उठलो.

पंधरा दिवस संपले तेव्हा गणवीर आला. सरांची तब्येत ठीक नाही, सही होऊ शकली नाही, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "असू द्या जी. तुम्ही गेले, तेच खूप झालं." त्याच थंडीत सर वारले. मी प्राचार्य झालो. तो अजून त्या दुकानातच आहे. हा लेख छापून आला की एक प्रत त्याला नेऊन द्यायची असे मी ठरवले आहे. ठरवण्यात मी कधीच कमी पडलो नाही.

त्या दिवशी सावनेरला मी जिना उतरून रस्त्यावर आलो. स्टँड समोरच होते. मागे पाहिले तर सर खोलीतून बाहेर येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते, एका हाताने कठडा धरून. दुसऱ्या हातात पेन होते, टोपण काढलेले. मी बसमध्ये चढलो आणि त्याच बाजूच्या खिडकीत बसलो, तरी ते आत गेले नाहीत. गाडी वळेपर्यंत ते तसेच उभे होते. मला उतरता आले असते. सावनेरहून नागपूरला गाड्या तेव्हाही अर्ध्या-अर्ध्या तासाला होत्या.